पेन्सिल

माझ्या खिशात एक पिवळी पेन्सिल असते.
लिहायला नाही. लिहायला खात्याने टॅब्लेट दिलाय,
ब्रॉन्क्सच्या तळघरात, जानेवारीत,
पाचव्या मिनिटाला मान टाकतो तो.
पेन्सिल मोजायला.
पाइप आणि भिंतीच्या फटीत ती सरकली
की समजायचं, लहान उंदीर येऊन-जाऊन आहे.
पंचवीस सेंटचं नाणं सरकलं
तर त्याचे थोरले चुलतेसुद्धा.

डोंगर पोखरून उंदीर निघतो, आमच्याकडे म्हणतात.
इथे उंदीर आधीच निघालेला असतो.
मी त्याच्या मागे डोंगर शोधत जाते
आणि तो सापडतोच, फुटपाथवर,
बासष्ट घरांच्या काळ्या पिशव्यांचा,
खालून ओला.

इस्माइला सीसे त्या पिशव्या ओढायचा. नुसत्या हातांनी.
अंगठ्याला चीर होती, डब्याच्या पत्र्याची,
एवढीशी. त्याला आठवतही नव्हती.
मग ताप. मग पोटऱ्या,
कुणी ओला कपडा पिळावा तशा.
मग डोळे पिवळे.
सहाव्या दिवशी एका डॉक्टरणीने विचारलं,
तुम्ही काम काय करता?

पहिल्या दिवशी विचारायचा प्रश्न.

लेप्टो. हा शब्द मला न्यूयॉर्कने नाही शिकवला.
कुडाळच्या दवाखान्याच्या भिंतीवर निळ्या रंगात होता तो,
'चिखलात उतरताना गमबूट घाला'च्या खाली,
आणि गमबूट कुणाकडेच नव्हते.

पिचार्दो, इमारतीचा सुपर, म्हणतो,
औषध टाकलंय की, कोपऱ्याकोपऱ्यात!
मराठीतही विषाला औषधच म्हणतात, उंदराचं औषध.
लहानपणी मला वाटायचं, त्याने उंदीर बरे होत असतील.
पिचार्दोचं तळघर बघून वाटतं,
होत असावेत.

त्याला सांगते : आधी भोकं. आधी झाकणं.
जेवण बंद झाल्याशिवाय पाहुणा उठत नाही.
तो मान डोलावतो. मालकाचा पत्ता म्हणजे
दुसऱ्या राज्यातली एक टपालपेटी.
मी दंड लावते. पेटीला.

तळमजल्यावर मिसेस व्हर्नेल हॉज लेंड्या झाडत असतात.
थांबा, मी ओरडतेच, कोरडा झाडू नको,
धूळ उडते, छातीत जाते.
आधी ब्लीचचं पाणी, पाच मिनिटं भिजू दे,
मग हातमोजे, मग कागदाने उचला.
चोपन्न वर्षं झाडतेय गं मी, त्या म्हणतात,
पण झाडू भिंतीला टेकवतात.
सिंकखाली वाकून बघते :
भांडी घासायच्या तारेचे गोळे, ठासून, वरून सिमेंट,
सिमेंटवर चमच्याची खूण.
पेन्सिल जात नाही.
पुन्हा लावून बघते. नाही जात.
कोणी केलं हे?
माझ्या हातांना काय झालंय, त्या विचारतात.

टॅब्लेटवर चौकोन आहेत :
लेंड्या, कुरतडल्याच्या खुणा, बिळं, उघडा कचरा.
अंगठ्याच्या चिरेला चौकोन नाही.
'इतर'मध्ये लिहिलं. दीडशे अक्षरांत बसवलं.
बसलं.

नऊ आठवड्यांनी इस्माइला परत आला.
दोन बोटं ढिला झालेला पट्टा, महिनाभर डायलिसिसवर काढलेला,
कोपरापर्यंत नारिंगी हातमोजे, युनियनने भांडून मिळवलेले,
आणि समोर झाकणाचे डबे, नवे, रांगेत.
हात मिळवला नाही, कोपर पुढे केलं.
मग म्हणाला, ती पेन्सिल दाखव.
मी दिली.
तो एकेका झाकणाच्या कडेला लावत गेला
डोळे बारीक करून, सोनार बघतो तसं.
सातव्या डब्यापाशी थांबला.
पिचार्दोऽऽ, अशी हाक मारली त्याने
की पाचव्या मजल्यावरची खिडकी उघडली.

पेन्सिल त्याच्याकडेच राहिली.
पुढच्या इमारतीत, बॉयलरमागे, भोक दिसलं
आणि खिसा रिकामा.
मी करंगळी घातली.
घालू नये.
घातली.